एकानं काय होते?

(आमच्या उपवास-गटाच्या अॅडमिनभाऊंना खुलं पत्र)

अमरावती,
आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ

श्री. अॅडमिनभाऊ यांस,


पत्रास कारण की, आज पहाटे मी काट्यावर उभा राहिलो. हा तोच काटा, जो आपण अकरा जणांनी वर्गणी काढून घेतला आणि जो तुम्ही ‘तुमच्या घरी जागा आहे’ म्हणत माझ्या पलंगाखाली सरकवलात. गुढीपाडव्याला त्यानं ९१.४ किलो दाखवले होते. आज ९२.६ दाखवले. शंभर दिवस उपास करून मी बाराशे ग्रॅम कमावले. माझ्या भविष्य निर्वाह निधीनंसुद्धा इतक्या शिस्तीत कधी वाढून दाखवलेलं नाही.

हे यश माझं एकट्याचं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतं, “एकट्यानं नाई होत हे. ग्रुप पाह्यजे, सपोर्ट पाह्यजे.” तेव्हा तुमच्या वाट्याचं श्रेय तुम्हाला चारचौघांत मिळावं, म्हणून हे खुलं पत्र.

सुरुवात बडनेरा स्टेशनावर झाली. अकोल्याला रोज अप-डाऊन करणारे आपण. वर्षानुवर्षं एकाच डब्यात बसून, एकमेकांचे जेवणाचे डबे संपवून आपली पोटं एकाच मापाची झालेली. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत असावी असं डॉक्टर सांगतात. आपल्या डब्यात ही अट चहा विकणारा पोट्टा तेवढा पुरी करत होता. अशा वेळी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही उठून उभे राहिलात, एका हातानं वरची कडी धरलीत आणि घोषणा केलीत: “आजपासून दोनदाच जेवाचं बाप्पा. मंधात काईच नाई. अन् एकमेकायवर ध्यान ठेवाचं.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझ्या दुसऱ्या हातात तेव्हा आलूबोंडा होता, हे कबूल करून टाकतो.

ही पद्धत तुमच्या डोक्यातून निघालेली नव्हती, एवढंच आपलं नशीब. ती आपल्याच विदर्भातली. १९८० साली काटोलहून आमदार झालेले, पदव्यांची रास लावणारे डॉ. श्रीकांत जिचकार आपल्या भाषणांतून सांगत: वारंवार खाल्लं की वारंवार इन्शुलिन सुटतं, आणि इन्शुलिन सुटलेलं असताना चरबी वितळत नाही. अमरावतीहून नागपूरला निघालं की कोंढाळी लागतं. त्या कोंढाळीजवळच २ जून २००४ रोजी अपघातात जिचकार गेले. त्यांचा धागा पुढे नेला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी. तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारा हा माणूस गावोगावी व्याख्यानं देत हिंडला आणि २०१८च्या सुमाराला अख्खा महाराष्ट्र ‘दीक्षित की दिवेकर’, म्हणजे दोनदाच खायचं की थोडं थोडं वारंवार, या प्रश्नावर दुभंगला. एका घरात दोन पक्ष होते. आमच्या घरात तर तीन होते. तिसरा आईचा, आणि तो सांगायचा, ‘गरम आहे तोवर खाऊन घ्या.’

दीक्षितांनी काय सांगितलं ते सोपं होतं. कडकडून भूक लागण्याच्या दिवसातल्या दोन वेळा ओळखा. त्याच दोन वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत उरका. मधे लागलंच तर पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा. रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. आणि सुरू करण्याआधी रक्त तपासून घ्या.

यातलं तुम्ही काय उचललंत? फक्त ५५ मिनिटं. आणि तीही उलटी. जी मर्यादा होती तिला तुम्ही कोटा समजलात. बारा वाजता घड्याळ लावून बसायचात आणि बारा पंचावन्नपर्यंत हात थांबू द्यायचा नाही. पोळी-भाजी बारा वाजून दहा मिनिटांनी संपायची. उरलेली पंचेचाळीस मिनिटं वाया कशी घालवायची? मग पाटवडी, मग रस्सा, मग ‘रस्सा उरला’ म्हणून आणखी पाटवडी, मग कोणाच्या तरी घरचा शिरा. बावन्नाव्या मिनिटाला तुम्ही ओरडायचात, “तीन मिनटं राह्यले बे, खाऊन घ्या!” मी आजवर पुष्कळ पंगती झोडल्या, भंडाऱ्यात दाळभाजी ओरपली, रोडग्यांवर तुपाची धार थांबेपर्यंत ‘हं’ म्हटलं नाही, पण इतक्या कर्तव्यबुद्धीनं कधी जेवलो नव्हतो.

आणि मग तुमची दंडसंहिता. वेळेबाहेर जो खाईल त्याच्या नावापुढं यादीत लाल गोळा, आणि दंड म्हणून त्यानं सगळ्यांना कचोरी खाऊ घालायची. हा नियम वाचून माझ्या बायकोनं चष्मा पुसून पुन्हा वाचला. चोरी एकानं करायची आणि शिक्षा अकरांनी भोगायची, असा न्याय पंचक्रोशीत दुसरीकडे नसेल. बरं, संध्याकाळी परतीची गाडी भुसावळकडून येते, म्हणजे अकोल्याआधी शेगाव घेऊनच येते. कचोरीवाला टोपली घेऊन आपल्याच डब्यात चढलेला असायचा. त्यालाही आपली यादी पाठ झाली असावी. ‘आज कोनाचा नंबर?’ असं तो विचारायचा. तिसऱ्या आठवड्यापासून लोक दंड व्हावा म्हणून मुद्दाम चार वाजता बिस्किट खाऊ लागले, आणि हे तुमच्या लक्षात आलं नाही असं मी मानत नाही. तुमचं लक्ष कचोरीवर होतं.

अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना सांगून पटायचं नाही. पारा पंचेचाळीस ओलांडतो तेव्हा दुपारी भूक माणसाला सोडून आपोआप सावलीत जाऊन बसते. एप्रिल-मे हे उपासाला देवानं दिलेले महिने. बाटलीभर पातळ ताकावर दिवस निघतो. पण तुमच्या कृपेनं त्याच महिन्यांत आखाजीचा आमरस आला, लग्नं आली, आणि प्रत्येक वेळी तुमचा तो महामंत्र आला: “एकानं काय होते?”

एका वाटीनं काय होते? एका कुरडईनं काय होते? एका दिवसानं काय होते? अॅडमिनभाऊ, मी हिशेब मांडला आहे. एकानं काही होत नाही हे खरं. पण तुम्ही हे वाक्य माझ्यापुरतं दिवसाला सरासरी चार वेळा उच्चारलंत.

हनुमान जयंतीच्या आठवड्यातली एक रात्रही मला आठवते. साडेनऊ वाजता तुम्ही गटावर रिकाम्या, घासून पुसून लख्ख केलेल्या ताटाचा फोटो टाकलात. खाली ओळ: ‘विंडो बंद. शरीर म्हणजे मंदिर.’ मी तेव्हा राजकमल चौकात औषधं घ्यायला गेलो होतो. मंदिर गाडीवर उभं होतं. हातात चटणीत बुडालेला गिला वडा, दुसऱ्या हातात तळलेली मिरची आणि मोबाइल काखेत. मला पाहून तुम्ही दचकला नाहीत. शांतपणे म्हणालात, “तुमच्यासाठी सांगू का एक?” आणि मी, ज्यानं हे पत्र लिहायचं ठरवलं आहे तो मी, ‘नको’ म्हणालो नाही. तेव्हा तुमच्या गुन्ह्यात मी साक्षीदारही आहे आणि सहआरोपीही. पण ताटाचा फोटो मी टाकला नव्हता.

याच अमरावती-अकोल्याच्या दरम्यान, जून २०२२ मध्ये, लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद आहे. त्याला लागून जाणाऱ्या रुळांवर अकरा धडधाकट माणसांनी शंभर दिवसांत मिळून कमरेचा एक इंच हलवला नाही. याची नोंद कुठं करतात तेवढं कळवा.

तुमच्या विज्ञानप्रसाराबद्दलही आभार मानायचे राहिले. ‘उपासाला नोबेल मिळालं’ हा तुमचा लाडका फॉरवर्ड. योशिनोरी ओसुमींना २०१६ साली नोबेल मिळालं खरं. पेशी स्वतःतली मोडतोड गोळा करून ती पुन्हा कशी वापरते, त्या यंत्रणेच्या शोधासाठी. आणि ती त्यांनी शोधली यीस्टमध्ये. यीस्टला अप-डाऊन नसतं, लग्नसराई नसते, अॅडमिन नसतो. म्हणून त्याला जमलं असेल. माणसांवरचे प्रयोग मात्र तुम्ही कधी फॉरवर्ड केले नाहीत. चीनमधल्या ग्वांगझूच्या डॉक्टरांनी १३९ लठ्ठ माणसांना वर्षभर मोजूनमापून कमी खाऊ घातलं. त्यातल्या एका गटाला वर अट घातली: सकाळी आठ ते दुपारी चार, एवढ्यातच खायचं. हा निकाल २०२२ साली छापून आला. घड्याळ लावलेल्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, न लावलेल्यांचं ६.३, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. म्हणजे वजन उतरलं ते ताटात कमी पडलं म्हणून. घड्याळ लावून ताटात जास्त वाढलं तर काय होतं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. ते आपण पाहिलं.

आता ‘सपोर्ट’ या तुमच्या आवडत्या शब्दाकडे येतो. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात जीन निडेच नावाची एक गृहिणी होती. न्हाणीघरातल्या धुण्याच्या टोपलीत बिस्किटं लपवून खायची. १९६१ साली तिनं सहा मैत्रिणींना घरी बोलावलं आणि पहिली गोष्ट काय केली असेल, तर त्या टोपलीची कबुली दिली. त्या बैठकीतून पुढं दोन वर्षांत ‘वेट वॉचर्स’ उभी राहिली आणि जगभर गेली. तिच्या गटाची सुरुवात लपवलेलं सांगण्यातून झाली, भाऊ. आपला गट चालला घासलेल्या ताटाच्या फोटोवर.

पण इतक्या लांब कशाला जायचं? अकोल्याच्या आमच्या ऑफिसातले एक सहकारी दरवर्षी रमजानचे रोजे धरतात. मी त्यांना विचारलं, कसं जमतं तुम्हाला? ते म्हणाले, सगळी गल्लीच उपाशी असते, कोणाला पाहून तोंडाला पाणी सुटणार? आणि संध्याकाळी सगळे एकाच क्षणाला खजूर उचलतात. आमच्या शेजारच्या जैन काकू बियासणा करतात. बियासणा म्हणजे दिवसातून दोनदाच, एका जागी बसून जेवायचं आणि सूर्य मावळल्यावर काही नाही. दोन जेवणांचा शोध लागला असं आपण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवून साजरं केलं, तेव्हा काकू गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांचं कितवं वर्ष चालू होतं कोण जाणे. माझी आजी चातुर्मासात एकभुक्त राहायची. तिला लाल गोळा द्यायला कोणी नव्हतं. घरातल्या सगळ्यांना ठाऊक असायचं की तिला दुसऱ्यांदा वाढायचं नाही, आणि कोणी आग्रह करत नसे. तोच तिचा सपोर्ट ग्रुप.

आपण मात्र भुकेले राहिलो ते वेगवेगळे, आणि खाल्लं ते मिळून. कालची एकादशीच घ्या. सकाळी सात वाजता तुमचा संदेश: ‘आज डबल पुण्य. एकादशी प्लस विंडो.’ नऊ वाजता साबुदाण्याची उसळ. अकराला भगर आणि शेंगदाण्याची आमटी. मग रताळ्याच्या गोड चकत्या, मग राजगिऱ्याचे लाडू ‘प्रवासासाठी’. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्यानं रचली तो माणूस तुमच्या डब्यातच बसत असणार.

इथवरचं सगळं मी हसून सोडून दिलं असतं. वजन माझं, जीभ माझी. पण गेल्या महिन्यातला तो गुरुवार सोडून देता येत नाही.

आपल्या डब्यातल्या काकांना तुम्ही गटात ओढून घेतलंत. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, कोणाला नाही न म्हणणारा माणूस. त्यांना मधुमेह आहे, सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आहे, हे तुम्हाला माहीत होतं. कारण त्यांनी ते गटावर लिहून विचारलं होतं, ‘मी डॉक्टरांना विचारू का?’ तुम्ही उत्तर दिलंत, ‘डॉक्टर कायले पाह्यजे? आपल्याले गोळ्याच बंद कराच्या हायेत ना.’ सोबत एक अंगठा आणि एक हसरा चेहरा.

त्या दिवशी काकांनी सवयीनं गोळी घेतली आणि तुमच्या सांगण्यानं नाश्ता सोडला. दुपारी ऑफिसात तपासणी आली, जेवण राहून गेलं. संध्याकाळी मूर्तिजापूरच्या अलीकडे त्यांना घाम फुटला. हात थरथरू लागले. बोलणं असंबद्ध झालं. स्वतःच्या मुलीचं नाव त्यांना आठवेना. तुम्ही समोरच बसला होतात. तुम्ही काय म्हणालात ते डब्यातल्या दहा जणांनी ऐकलं: “घाबरू नका, टॉक्सिन बाहेर निघू राह्यले.”

शेगावहून परतणाऱ्या एका आजीबाईनं तुमच्याकडे असं पाहिलं की त्या नजरेनंच तुमचे दोन किलो उतरायला हवे होते. “टाक्सिन नाई न् फाक्सिन नाई. साखर खाली गेली वाट्टे बाप्पा यायची. माह्या घरच्यायले बी असंच होते.” तिनं गाठोडं सोडलं, खडीसाखर काढली, काकांच्या तोंडात घातली. मग साखरेचा चहा. बडनेरा येईतो काका माणसात आले आणि मुलीचं नाव घेऊन रडले.

ती आजी कधी शाळेत गेली होती की नाही, मला माहीत नाही. पण तिला जे कळलं ते अॅडमिनला कळायलाच हवं होतं. साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या आणि इन्शुलिन हे जेवण गृहीत धरूनच काम करतात. गोळी पोटात आणि अन्न नाही, तर रक्तातली साखर ७० च्या खाली घसरते: घाम, थरथर, गोंधळ, पुढे बेशुद्धी. तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे तीन-चार चमचे साखर आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. माणूस गिळू शकत नसेल तर तोंडात काही न घालता थेट दवाखाना. मधुमेहाच्या औषधावर असलेल्यानं, गरोदर बाईनं, वाढत्या वयाच्या पोरानं, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यानं असले उपास आपल्या मनानं करायचे नसतात. डॉक्टर आधी गोळ्यांचा डोस बदलतो, मग जेवणाच्या वेळा बदलतात. तुमच्याकडे हा क्रम फक्त फॉरवर्ड आणि अंगठा असा होता.

आणि कळस म्हणजे त्याच रात्रीची यादी. काकांच्या नावापुढं लाल गोळा. कारण: ‘वेळेबाहेर साखर खाल्ली.’ खाली तीन जणांनी टाळ्या दिल्या. एकानं विचारलं, ‘उद्या कचोरी पक्की ना?’

दुसऱ्या दिवशी काका दुसऱ्या डब्यात चढले. अजून तिथंच बसतात. गटातूनही बाहेर पडले, आणि तुम्ही लिहिलंत, ‘ज्याले जमत नाई त्यानं जा.’ त्यांना जमत होतं, भाऊ. अकरांतला तो एकच माणूस होता ज्यानं खरंच दोनदाच खाल्लं.

तेव्हा मागणी एवढीच. ती यादी उघडा आणि काकांच्या नावापुढचा लाल गोळा काढा. मग त्यांच्या डब्यात जाऊन, सगळ्यांसमोर, त्यांना नावानिशी सांगा की चूक कोणाची होती. यापुढं दंडाच्या कचोऱ्यांऐवजी तेवढ्या पैशांत एक ग्लुकोमीटर घ्या आणि आपल्या डब्यात ठेवा. या तिन्ही गोष्टी होईपर्यंत मी गटात नाही. माझ्या नावापुढं कुठल्याही रंगाचा गोळा द्या.

कळावे,

आपला,
९२.६ किलो

ता. क. – काटा माझ्या पलंगाखालीच आहे. न्यायला याल तेव्हा रिकाम्या हातानं या.